काळ्या पट्ट्याच्या पूर्वेला

सत्तावीस वर्षं मी थिओडुलवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. गावात म्हणायचे, क्रेसेन्सला देवळातल्या मेणबत्तीचाही संशय येतो. म्हणोत बापडे. माझा नवरा मॉरित्स त्या माणसाबरोबर हिमनदीवर गेला आणि तो माणूस एकटा परत आला. तेव्हा संशय घ्यायचा नाही, तर काय त्याला चीज नेऊन द्यायचं?

त्याने गावाला सांगितलं ते असं. ऑगस्टमधला सोमवार होता. गवताची कापणी झाली होती, आणि कापणी झाली की आमच्याकडचे पुरुष कड्यांच्या कपारीत स्फटिक शोधायला जातात. हे दोघं हिमनदीच्या पश्चिमेच्या फाट्याने वर चालले होते. रात्री पडलेल्या भुरभुर बर्फाने एक भेग झाकली गेली होती. मॉरित्सचा पाय तिच्यावर पडला आणि तो आत गेला. बस, एवढंच. दुपारी खाली आला तेव्हा थिओडुलचे हात कापत होते आणि तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. मंगळवार, बुधवार, गुरुवार, गावातल्या अकरा जणांनी पश्चिमेचा फाटा पालथा घातला. टोपीसुद्धा मिळाली नाही. मी तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होते.

दुःख तर झालंच. पण खरं सांगते, दुःखाच्या आधी मनात पाल चुकचुकली. थिओडुलसारखा माणूस, जो उतरणीवर बकरीच्या पुढे चालतो, त्याला भेग कळली नाही? आणि तीन दिवस शोध चालला तेव्हा तो मान वर करून सारखा पूर्वेकडे का बघत होता? हे मला शोधाला गेलेल्यांपैकीच एकाने सांगितलं. मी विचारलं नसतं तर सांगितलंही नसतं.

आमच्या वरच्या कुरणापलीकडे बर्फाचे दोन फाटे एकत्र येतात. पश्चिमेचा फाटा आणि त्यावरचे कडे आमच्या गावाचे. पूर्वेचा फाटा आणि तिथले कडे खिंडीपलीकडच्या गावाचे. स्फटिकांवरून पूर्वी दोन्ही गावांची डोकी फुटली होती, म्हणून आमच्या आजोबांच्या वेळी शपथा झाल्या. जो दुसऱ्याच्या कड्याला हात लावील, त्याच्या घराचा उन्हाळी कुरणावरचा हक्क कायमचा जाईल. आमच्याकडे कुरण गेलं म्हणजे गाई गेल्या, आणि गाई गेल्या की माणसाने गाव सोडायचं. त्यामुळे पूर्वेकडे कोणी बोटसुद्धा दाखवत नसे.

माझी लुडविना जन्मली, चालायला लागली, गवत कापायला लागली. थिओडुल दर हिवाळ्यात माझ्या दारापुढचा बर्फ न सांगता उपसून जायचा. लोकांना तो चांगुलपणा वाटायचा. मला वाटायचं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. उगाच का कोणी दुसऱ्याचा बर्फ उपसतो?

मग शहरातून एक इंजिनियर आला. त्याला हिमनदी मोजायची होती. दर उन्हाळ्यात वरच्या झोपडीत राहणार, स्वयंपाकाला बाई हवी म्हणाला. मी आधी हो म्हटलं, मग काम काय ते विचारलं. मला स्वयंपाकाची हौस नव्हती. बर्फ माणसाला आत घेतो तर त्याचं पुढे काय करतो, हे सांगणारं माणूस मला हवं होतं.

साहेब चांगला होता, फक्त बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याचं म्हणणं, वर शिखरांपाशी जेवढा हिमवर्षाव होतो तेवढा उन्हाळ्यात वितळत नाही. उरलेल्यावर पुढच्या वर्षीचा बसतो, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचा. खालच्या थरातली हवा दाबाने निघून जाते, भुसभुशीत हिमाचे आधी मिठासारखे कण होतात आणि मग निळा कठीण बर्फ. मी म्हटलं, यात नवल ते काय, माळ्यावरच्या गवताचं तेच होतं. वरचं हाताने उचला, तळाचं सुरीने कापावं लागतं. साहेबाने ते वहीत लिहून घेतलं.

आणि मग म्हणे हे सगळं ओझं आपल्याच वजनाने उताराला लागतं. हे त्याने मला दाखवलंच. पहिल्या उन्हाळ्यात त्याने बर्फावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत लाल रंगाचे दगड सरळ रांगेत मांडले. पुढच्या उन्हाळ्यात बघतो तर मधले दगड चाळीस पावलं खाली गेलेले आणि कडेचे जेमतेम आठ. कडेचा बर्फ खडकाला घासतो, अडतो, मधला मोकळा जातो. रांगेची कमान झाली होती. मी त्या कमानीकडे बघत उभी राहिले आणि मनात म्हटलं, म्हणजे मॉरित्स चालतोय. दर वर्षी चाळीस पावलं तो घराकडे येतोय.

साहेब म्हणायचा, आमची सगळी दरीच या बर्फाने कोरली आहे. तळाशी अडकलेले दगड तो खडकावरून ओढत नेतो, म्हणून पाटाजवळचा मोठा खडक गुळगुळीत आहे आणि त्यावर एकाच दिशेचे ओरखडे आहेत. आमच्या बकऱ्या चरतात तो दगडमातीचा लांब बांध बर्फानेच लोटून ठेवला. देवळामागचा घराएवढा धोंडासुद्धा त्यानेच उचलून आणला. आमचे पाद्रीबाबा तो धोंडा नोहाच्या पुरात वाहून आला म्हणतात. मी दोघांनाही मान हलवून हो म्हणायची. माझा प्रश्न धोंड्याचा नव्हता.

तो प्रश्न मी पहिल्याच महिन्यात विचारला होता. बटाटे सोलता सोलता, सहज विचारल्यासारखा.

"साहेब, पश्चिमेच्या फाट्यात काही पडलं, तर बाहेर कुठं येईल?"

त्याने मला खाली हिमनदीच्या तोंडापाशी नेलं. दोन फाटे मिळतात तिथे दोन्हीच्या आतल्या कडांवरचे दगडधोंडे एकत्र होतात, आणि त्यांचा एक काळा पट्टा बर्फाच्या मधोमध थेट खालपर्यंत येतो. आम्ही तो जन्मापासून बघत आलो होतो. तो का आहे हे कोणी विचारलं नव्हतं.

"हा पट्टा म्हणजे बांध समजा, क्रेसेन्सबाई," साहेब म्हणाला. "दोन फाटे शेजारी शेजारी वाहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. पश्चिमेचं पट्ट्याच्या पश्चिमेला निघणार, पूर्वेचं पूर्वेला. वरचा बर्फ दर उन्हाळ्यात वितळत जातो, त्यामुळे आत गेलेलं कधी ना कधी उघडं पडतंच."

"इकडचं तिकडं कधीच नाही?"

"काळ्या दगडावरची रेघ आहे," असं म्हणून तो आपल्याच विनोदावर हसला.

गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गावाची समजूत अशी की बर्फ माणूस गिळतो आणि मनाला येईल तिथे टाकतो. हे गुपित साहेबाचं आणि माझं. साहेबाला ते गुपित आहे हेही माहीत नव्हतं. त्यानंतर सहा उन्हाळे मी त्याचा स्वयंपाक केला, आणि रोज एकदा हिमनदीच्या तोंडाशी जाऊन पट्ट्याच्या दोन्ही बाजू न्याहाळल्या.

सहाव्या उन्हाळ्यात लुडविनाने सांगितलं की तिला थिओडुलच्या मुलाशी, कॅमिलशी लग्न करायचंय.

मी ताट आदळलं. ती सव्वीस वर्षांची, काही बोलून उपयोग नव्हता, तरी बोलले. कोणाच्या घरात चाललीस ते बघ, म्हटलं. ती म्हणाली, "आई, तुला त्या माणसाने काय केलं ते एकदा तरी सांग. नुसतं बघून बघून तू त्याला काळा करून ठेवलंस." सांगायला होतं काय माझ्याकडे? एक कापणारा हात, आणि पूर्वेकडे वळलेली मान.

लग्नाची घोषणा आमच्याकडे तीन रविवारी देवळात होते. कोणाची हरकत असेल तर त्याने तेव्हाच उठून बोलायचं. पहिली झाली, दुसरी झाली. तिसऱ्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी साहेब धावत झोपडीत आला. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "क्रेसेन्सबाई, बसा जरा."

मी बसले नाही. कुठे, एवढंच विचारलं. तो उत्तर द्यायला लागला तेव्हा मी चालायलाही लागले होते.

मॉरित्स हिमनदीच्या तोंडापाशी पालथा होता. साहेबाने त्याच्यावर ताडपत्री घातली होती, पण पाय बाहेर राहिले होते आणि पायांत मी विणलेले मोजे होते, टाचेला तपकिरी लोकर संपली म्हणून करडी लावलेले. मी मोज्याला हात लावला. मग खाली बसून रडले, मोठ्याने. सत्तावीस वर्षं संशयात गेली होती, रडायचं राहूनच गेलं होतं. माझा नवरा पंचविशीचा होता आणि मी बावन्न वर्षांची.

मग मान वर केली आणि काळा पट्टा बघितला. तो माझ्या उजव्या हाताला, पश्चिमेकडे होता. मॉरित्स त्याच्या पूर्वेला सापडला होता. साहेबाने वही काढून हिशोबही करून दाखवला. सत्तावीस वर्षं, वर्षाला चाळीस पावलं, म्हणजे तो तिथे, त्या पूर्वेच्या कड्याखाली पडला असणार. त्याच्यासाठी ते गणित होतं. माझ्यासाठी थिओडुल खोटारडा ठरला होता, आणि माणूस असं खोटं एकाच कारणासाठी बोलतो, असं मला वाटलं.

पाच पावलांवर त्याची काठी पडली होती. त्या सोमवारच्या आदल्याच दिवशी त्याने ती लार्चच्या लाकडाची नवी केली होती. मुठीजवळ आमच्या घराची खूण कोरली होती, तीन पायांचं दूध काढायचं स्टूल. आमच्याकडे प्रत्येक घराची अशी खूण असते, पातेल्यापासून मेंढीच्या कानापर्यंत ती सगळ्यावर असते. मी स्वतः त्या काठीला चरबी चोळली होती. खुणेखेरीज तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

आता खुणेच्या अगदी खाली खाचा होत्या. दोन पूर्ण, आरपार. तिसरी अर्धी.

साहेबाने विचारलं, हे काय? मी म्हटलं, घराची खूण. तो पुन्हा वहीत वळला.

आमच्याकडचं शेंबडं पोरही त्या खाचा वाचील. पाटाच्या पाण्याची पाळी आम्ही काठीवरच कोरतो. पूर्ण दिवसाला पूर्ण खाच, दुपारपर्यंतची अर्धी. मॉरित्स त्या भेगेत सोमवार जगला, मंगळवार जगला आणि बुधवारी दुपारपर्यंत जगला. वरून येणाऱ्या उजेडावर त्याने दिवस मोजले. आणि अकरा माणसं तेव्हा पश्चिमेकडे त्याला हाका मारत होती.

मी काठी शालीआड धरून घरी आणली आणि गोठ्यात वैरणीखाली ठेवली. मॉरित्सला गावातली माणसं खाली घेऊन आली. कुठे सापडला म्हणून कोणी विचारलंच, तर साहेबाने सांगितलं, तोंडापाशी. त्यांना तेवढंच पुरलं.

बुधवारी सकाळी मी थिओडुलकडे गेले. तो कोठारासमोर बसून विळ्याला धार लावत होता. मला बघून उठला. म्हातारा झाला होता, हे मला त्या दिवशी दिसलं. इतकी वर्षं बघत होते तरी.

"कुठल्या फाट्यात पडला, थिओडुल?"

त्याने विळा खाली ठेवला. मग म्हणाला, "पूर्वेच्या."

"ढकललंस?"

"नाही."

एवढ्या वर्षांनी तो शब्द ऐकला आणि माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न मी त्याला कधी विचारलाच नव्हता. आरोप केला होता. विचारलं नव्हतं.

मग त्याने सगळं सांगितलं. पूर्वेच्या कड्यात मॉरित्सला स्फटिकांची एक कपार दिसली होती. येणाऱ्या बाळासाठी एक गाय घ्यायची होती त्याला. दोघंही ठरवून चोरी करायला निघाले होते. भेग खोल होती, दोर तोकडा पडला. थिओडुल दोन तास काठावर आडवा पडून हाका मारत होता. खालून हूं की चूं नाही.

"मेला असंच धरलं मी," तो म्हणाला. "आणि खाली येता येता विचार केला. खरं सांगितलं तर दोन्ही घरं कुरणातून बाद. तू अशी अवघडलेली. मेलेल्यासाठी जित्यांना उघड्यावर टाकायचं का?"

"आणि तुझ्या स्वतःच्या गाई?"

"त्याही होत्या की. चार. त्यांच्यासाठीही खोटं बोललो. तुझ्यापासून आता काय लपवू."

हे मला पटलं. नुसत्या चांगुलपणाची गोष्ट सांगितली असती तर मी तिथेच त्याचा विळा उचलला असता.

"पण मंगळवारी जीव राहिना," तो पुढे म्हणाला. "शोध अर्धा टाकून दुपारी तुझ्या दाराशी आलो होतो. आठवतंय तुला?"

आठवत होतं. टोपी हातात घेऊन उभा होता.

"म्हटलं, हिला विचारू. ही म्हणाली तर संध्याकाळच्या आत माणसं पूर्वेकडे नेऊ, मग कुरण राहो नाहीतर जावो. तू मला तोंड उघडू दिलं नाहीस, क्रेसेन्स. म्हणालीस, तूच ढकललंस त्याला, उंबऱ्यात पाय टाकलास तर हे शेणाचं फावडं डोक्यात घालीन. तेव्हा कळलं की आता पूर्वेचं नाव काढलं तर हीच काय, सगळं गाव हेच म्हणेल. माझी पाचावर धारण बसली. परत गेलो आणि कुलूप लावलं तोंडाला."

सोमवारी त्या हाकांच्या वेळी मॉरित्स शुद्धीत नसणार, पण मंगळवारी होता. मंगळवारची दुपार. भेगेपर्यंत चार तासांची वाट. दुसरी खाच त्याने तेव्हा अजून कोरलीही नसेल.

"तुझा राग बरोबरच होता," थिओडुल म्हणाला. "माझं एकच समाधान आहे. त्याला काही कळलं नाही. पडला तो गेलाच. नाहीतर मी एक रात्र झोपलो नसतो बघ."

काठी माझ्या गोठ्यात होती. शेवटचा घाव घालायला म्हणून राखून ठेवली होती. पळत जाऊन आणायला वेळ लागला नसता. आणली असती, त्याच्या पुढ्यात धरली असती, तर तो माणूस तिथल्या तिथे संपला असता. आणि मग त्याने वर मान करून माझ्याकडे बघितलं असतं.

मी विचारलं, कॅमिलला यातलं काही माहीत आहे का. नाही म्हणाला. मग तसंच राहू दे, म्हटलं, आणि घरी आले.

करवत घेतली आणि काठीचा खाचांचा भाग कापला. खाचा खुणेला इतक्या चिकटून होत्या की खुणेसकट कापावा लागला. दगडी शेगडीत लार्चचं लाकूड लवकर पेटतं. मी चोळलेली चरबी मुरलेलं तर आणखीच लवकर. ते जळेपर्यंत मी बघत बसले आणि मॉरित्सची क्षमा मागितली. मिळाली की नाही, कळायला मार्ग नाही.

शनिवारी दफन झालं. उरलेली काठी आम्ही पेटीवर ठेवली होती. थिओडुलने पेटीला खांदा दिला. लुडविना आपल्या न बघितलेल्या बापाच्या काठीवरून हात फिरवत होती. तिचा हात वरच्या टोकाशी येऊन थांबला.

"आई, हे टोक कुणी कापलं?"

"कुजलं होतं."

"इतकी वर्षं बर्फात लाकूड कुजलं नाही, आणि तेवढंच टोक कुजलं?" ती हळू आवाजात म्हणाली. "आणि घराची खूण कुठाय? खूण कोणी कापतं का?"

मी पाद्रीबाबांकडे बोट दाखवून तिला गप्प केलं.

रविवारी तिसरी घोषणा झाली. कोणाची हरकत, असं पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हा निम्म्या देवळाने वळून माझ्याकडे पाहिलं. मी बसून राहिले. लग्न झालं, गाई कुरणावरून खाली आल्या, लुडविना थिओडुलच्या घरी गेली. थिओडुल आता नीट झोपतो, असं तीच सांगते.

ती दर रविवारी येते. राय धान्याचा पाव आणते, माझ्या दारापुढचा बर्फ उपसते, गुडघ्यांना तेल लावून देते. त्या काठीबद्दल तिने पुन्हा कधी विचारलं नाही. फक्त जाताना उंबऱ्यावर थांबते आणि क्षणभर माझ्याकडे बघते. ती नजर तिला शिकवावी लागली नाही, माझीच आहे ती. सत्तावीस वर्षं मी थिओडुलकडे अशीच बघत होते.